चिंध्यांतून परत आलेले कपडे

विंटरटाल, मॅनिटोबा
१५ सप्टेंबर १९८३

चि. ग्रेटास,

अ. उ. आ.

तुझं पत्र आणि रासबेरीच्या मुरंब्याच्या दोन्ही बाटल्या सुखरूप पोचल्या. बाटल्या फुटल्या नाहीत याचं श्रेय भोवती गुंडाळलेल्या तुझ्या अब्रामच्या जुन्या मोज्यांना. मुरंबा मी ठेवला, मोजे धुऊन दुकानात ठेवले. ते सकाळीच खपले. एका ट्रकवाल्याने घेतले. अब्रामना सांग, तुमचे मोजे तुमच्याआधी टोरांटो बघणार.

तू मला या दुकानात ढकललंस त्याला आता वर्ष होईल. माझा गेरहार्ड देवाघरी गेल्यावर मी खिडकीत बसून रस्ता मोजायचे आणि तू दर पत्रात लिहायचीस, उठ, काहीतरी कर, नाहीतर मी येऊन तुला उठवीन. तेव्हा तुझा राग यायचा. आज सांगते, बरं केलंस. मंगळवार, गुरुवार, शनिवार हे तीन दिवस मला घरात पाय ठेवायला वेळ नसतो. पगार कुणालाच नाही, पण सारा लेप्की आम्हा सगळ्यांना असं राबवते की जणू तीच देते. लोकांनी दिलेलं जुनं-पुराणं घ्यायचं, धुवायचं, इस्त्री करायची, मांडायचं, विकायचं. जे पैसे जमतील ते परदेशातल्या भुकेल्यांच्या धान्यासाठी जातात.

आणि गिऱ्हाइकं काय सांगू तुला! म्हातारे डीड्रिख फाल्क दर गुरुवारी येतात, विकायला ठेवलेल्या आरामखुर्चीत बसतात आणि जुनी मासिकं वाचतात. गेल्या आठवड्यात एका नवऱ्या-बायकोने ती खुर्चीच घेतली. सारा त्यांना म्हणाली, आजोबा, उठा हो, तुमच्याखालची विकली गेली. ते म्हणाले, हे पान संपू दे. ती दोघं बिचारी पान संपेपर्यंत उभी राहिली. लाओसहून आलेल्या कुटुंबातली आजी बर्फाचे बूट पायांत घालून दुकानभर चालली, मग काढायलाच तयार होईना. बाहेर ऊन होतं, तरी तशीच घरी गेली. एका मुलीने शाळेच्या निरोपसमारंभासाठी निळा झगा नेला होता. तिने फोटो आणून आम्हाला दाखवला आणि साराच्या गळ्यात पडून रडली. मीही डोळे पुसले, पण दुसरीकडे बघून.

एक नवल मात्र कुणाला उलगडत नाही. फाटके, डागाळलेले कपडे आम्ही मागच्या दाराशी चिंध्यांच्या पोत्यात टाकतो. गेले दोन महिने त्यातले काही कपडे नाहीसे होतात आणि आठवड्या-दोन आठवड्यांनी खुंटीवर सापडतात, धुतलेले आणि रफू केलेले. टाके इतके बारीक की बोट फिरवलं तरी कळत नाही. मी टाकलेला एक मुलाचा कोट परत आला तेव्हा त्याला नवं अस्तर होतं. साराला वाटतं मी करते, मला वाटतं सारा करते.

तब्येत बरी आहे. गुडघा थंडीची वाट बघतोय. अब्रामना नमस्कार. तुझी माया अशीच राहू दे.

तुझी,
युस्टीनाताई

*

यॅरो, ब्रिटिश कोलंबिया
२८ सप्टेंबर १९८३

ती. ताईस,

सा. न. वि. वि.

पत्र वाचून अब्राम तासभर हसत होते. मग कपाटात जाऊन उरलेले मोजे मोजून आले.

तुमचं ते शिवणकाम करणारं भूत सापडलं तर इकडे पाठव. माझी बोटं आता सुईला ऐकत नाहीत. डॉक्टर म्हणतो, गरम पाण्यात बुडवा. गरम पाण्यातून बोटं लाल होऊन निघतात, सरळ होऊन नाही. अब्रामच्या चार विजारी गुडघ्यात फाटून पडल्यात आणि ते रविवारच्या विजारीत कोंबड्यांना दाणे घालताहेत.

पण ताई, खरं सांगू? हे कोण करतंय ते शोधू नका. करणाऱ्याला कळू द्यायचं नसेल, तर त्यामागे काहीतरी असेल. आणि तुझ्या पत्रात किती माणसं आली या वेळी! तू दुकानात जायच्या आधी तुझ्या पत्रांत फक्त हवामान असायचं. मला फार बरं वाटलं.

लोभ आहेच, तो वाढू दे.

तुझी,
ग्रेटा

*

विंटरटाल
२२ ऑक्टोबर १९८३

चि. ग्रेटास,

अ. उ. आ.

हे पत्र दोनदा लिहून फाडलं. तुझ्याशिवाय हे सांगू कुणाला?

इथून मेक्सिकोच्या वसाहतींत गेलेली आणि आता परत आलेली आपल्या पंथाची माणसं इकडे बरीच आहेत, हे तुला ठाऊक आहे. आपलीच बोली, आपलंच नाव, आपलाच धर्म. पण त्यांच्या बायका अजून काळे फुलाफुलांचे झगे घालतात, डोक्याला रुमाल बांधतात, आणि गावात कुणी काही बोललं नाही तरी बघतात सगळे. त्यांतली एक बाई दर गुरुवारी दुकानात यायची. अगनेटा बीकर्ट. नवरा पीटर डुकरांच्या गोठ्यावर कामाला आहे, पोरं सहा. यायची, फार हळू आवाजात नमस्कार म्हणायची, मुलांचे बूट बघायची, सगळ्यांत स्वस्त ते घ्यायची आणि जायची. खांद्याला नेहमी कापडी पिशवी.

परवा गुरुवारी मी तिला मागच्या दाराशी पाहिलं. चिंध्यांच्या पोत्याशी वाकून तिने एक फाटका कोट उचलला आणि पिशवीत टाकला. ग्रेटा, मी जराही थांबले नाही. दुकान भरलेलं होतं. मी तिला दारात गाठलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, बाई, पिशवी उघडा बघू, इथं घेतलेलं सांगून न्यायचं असतं. आपल्या बोलीत म्हणाले, म्हणजे तिच्याबरोबरच्या धाकट्या मुलीलाही प्रत्येक शब्द कळला असणार.

तिने पिशवी काउंटरवर रिकामी केली. त्यातून तो फाटका कोट निघाला. आणि त्याखालून घड्या घातलेले तीन कपडे. एक ठिपक्यांचा झगा, एक पुरुषी सदरा, एक बाळाचं लोकरीचं जाकीट. तिन्ही मी माझ्या हातांनी पोत्यात टाकलेले होते. आता जाकिटाच्या कोपरावर ठिगळ होतं, ते पानाच्या आकाराचं, आणि सदऱ्याची कॉलर उलटवून शिवलेली.

तिने तीन खुंट्या शोधल्या, तिन्ही कपडे जिथल्या तिथे लावले. फाटका कोट परत पोत्यात टाकला. मुलीचा हात धरला आणि गेली. डीड्रिख फाल्कनी मासिक खाली ठेवलं आणि माझ्याकडे बघितलं. त्यांना कधी मासिक खाली ठेवताना पाहिलं नव्हतं.

सारा म्हणाली, तुला काय माहीत, चूक कुणाचीही होते. बाकीच्या जणी कॉफी घेताना म्हणाल्या, पण तिनं सांगायचं ना तोंडानं. मला ते ऐकून बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. जेवण जात नाही. तू म्हणाली होतीस, शोधू नका.

तुझी,
युस्टीना

*

यॅरो
२ नोव्हेंबर १९८३

ती. ताईस,

सा. न. वि. वि.

तुझं पत्र आलं तसं लगेच लिहायला बसले. बोटं दुखताहेत, म्हणून अक्षर कोंबडीचं आहे. तू मोठी आहेस, पण आज मी बोलणार.

आपण रशियातून आलो त्या पहिल्या हिवाळ्यातलं तुला जास्त आठवत असेल, तू सात वर्षांची होतीस. मी आईच्या झग्यामागे लपलेली. चर्चच्या तळघरात पीठ वाटत होते. वाटणाऱ्या बाईने सगळ्यांसमोर आईला विचारलं, तुमच्या घरी खरंच काही नाही का? आईने हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. रिकामी थैली घडी करून हातात धरली आणि आपल्याला घेऊन निघाली. पुन्हा कधी गेली नाही. सगळा फेब्रुवारी आपण सलगम खाल्लं. तू रडायचीस सलगम बघून.

आई त्या बाईचं नाव आयुष्यात कधी बोलली नाही. मी मोठेपणी एकदा विचारलं, तर म्हणाली, वाईट नव्हती गं, घाईत होती. ताई, तू पण वाईट नाहीस. घाईत होतीस. पण ती बाई आपल्या घरी कधी आली नाही, हे मला साठाव्या वर्षीही आठवतं. आली असती तर आईने दार उघडलं असतं, मला खात्री आहे.

तेव्हा गाडी काढ. बरोबर काही घेऊन जाऊ नकोस, ना कपडे, ना केक. हात रिकामे ठेव. देऊन सुटायचं नाही. आणि सारासमोर, बाकीच्यांसमोरही, चूक माझी असं स्वच्छ बोल. मग मला कळव. तोवर तुझ्यावर रागावलेलीच आहे, पण जीव तुटतोय.

तुझीच,
ग्रेटा

*

विंटरटाल
१९ नोव्हेंबर १९८३

चि. ग्रेटास,

अ. उ. आ.

जाऊन आले.

आधी गुरुवारी सगळ्या जणी कॉफीला बसल्या असताना उभी राहून सांगितलं की चूक माझी, तिची नाही, आणि तिनं तोंडानं का नाही सांगितलं असं पुन्हा कुणी म्हणायचं नाही. सारा कप विसळायला उठली आणि जाता जाता तिने माझ्या पाठीवर हात ठेवला.

शनिवारी दुकान सुटल्यावर गेले. बर्फ पडून गेला होता, गोठ्यामागची वाट घसरडी. दार पीटरने उघडलं. दारातच उभा राहिला आणि म्हणाला, या, या. घर तपासायला आलात का? कुठून सुरुवात करता, पोरांच्या खाटांखालून? मी म्हटलं, मला हे ऐकायलाच हवं होतं, पण तुमच्या बायकोशी मला एक वाक्य बोलू द्या आणि मग दार लावा. आतून अगनेटाचा आवाज आला, पीटर, थंडी आत येतेय, एक तर त्यांना घे नाहीतर दार लाव.

आत सहाही पोरं टेबलाभोवती बसली होती. ग्रेटा, त्यांच्या अंगावरचा प्रत्येक कपडा मला ओळखीचा होता. मीच धुतलेले, मीच घड्या घातलेले. पण असे बेतलेले की दुकानात ते कधी इतके चांगले दिसले नव्हते. मी उभ्याउभ्याच बोलले. म्हटलं, मी तुला सगळ्यांदेखत चोर ठरवलं, आणि तू माझं काम करत होतीस. मला माफ कर असं म्हणायचाही मला हक्क नाही, पण म्हणते. म्हटलं, तू सांगशील तर येत्या गुरुवारी भर दुकानात हेच बोलेन.

ती घाईघाईने म्हणाली, नको, नको हो, पुन्हा सगळ्यांनी माझ्याकडे बघायला नको. मग तिने धाकटीला सरकायला सांगितलं, मला बाकावर जागा झाली. एकावर एक दोन गोळ्यांचे झ्विबाक पाव नुकते भट्टीतून काढलेले होते, वरचा गोळा जरा तिरका बसलेला, आईचे बसायचे तसे. तिने ताटलीत दोन ठेवले.

मी विचारलं, तू आम्हाला सांगितलं का नाहीस? ती म्हणाली, आम्ही आलो तेव्हा पोरांच्या पायांत सपाता होत्या. तुमच्या दुकानातून सहा जोड बूट नेले, ते जवळजवळ फुकटच. पोरांच्या पायांत ते बूट दिसले की मला ते ऋण खुपायचं. काहीतरी परत द्यावं वाटायचं. मागितलं असतं, मी शिवून देऊ का म्हणून, तर तुम्ही सगळ्या काय म्हणाल्या असता? राहू दे गं, तुला घरी इतकं काम. प्रेमानेच म्हणाल्या असता. मग मी नुसती घेणारीच राहिले असते.

ग्रेटा, मी हेच म्हटलं असतं. अगदी याच शब्दांत.

निघताना मी विचारलं, आता काय करू सांग. ती म्हणाली, पोत्यात टाकायच्या आधी मला दाखवा. तुम्ही फार घाईने टाकता. पीटर तेव्हा पहिल्यांदा हसला. म्हणाला, आमच्या घरी पण हेच ऐकायला मिळतं.

या गुरुवारी तिच्यासाठी खिडकीशी टेबल मांडलं. ती आली, टेबलाकडे बघितलं आणि म्हणाली, उजेड डावीकडून हवा. साराने आणि मी ते उचलून फिरवलं.

तू लिहिलं नसतंस तर मी गेले नसते. हे एकदा कागदावर राहू दे. जीव लावलास तसाच लाव.

तुझी,
युस्टीनाताई

*

यॅरो
१२ डिसेंबर १९८३

ती. ताईस,

सा. न. वि. वि.

राग गेला. पत्र अब्रामना वाचून दाखवलं, ते उठून कोंबड्या बघायला गेले. खरं तर त्या बघून झाल्या होत्या.

सोबत पार्सल आहे. त्यात बटणांचा डबा, चाळीस वर्षांचा साठा. माझी बोटं आता बटणाच्या भोकात दोरा घालू शकत नाहीत. आणि अब्रामच्या चार विजारी. या देणगी नाहीत, हे अगनेटाला नीट सांग. दुरुस्तीला पाठवल्या आहेत आणि परत हव्यात. मजुरी म्हणून मुरंबा पाठवेन, कबूल असेल तर कळवायला सांग.

नाताळच्या शुभेच्छा. मला तुझ्या मायेत राहू दे.

तुझी,
ग्रेटा

*

विंटरटाल
३ फेब्रुवारी १९८४

चि. ग्रेटास,

अ. उ. आ.

दुरुस्त विजारी तुला परत पोचल्याचं कळलं. अगनेटा म्हणते, मुरंब्याचा दर कबूल आहे, पण पुढच्या वेळी विजारी धुऊन पाठवा, कोंबड्यांचा वास आमच्या आख्ख्या दुकानाला पुरला.

आता इथली बातमी. टेव्ज मास्तर तुला आठवत असतील, आमच्या चारही मुलांना त्यांनीच शिकवलं. चाळीस वर्षं शाळेत, आणि कुणाकडून उसनी पेन्सिलसुद्धा न घेणारा माणूस. गेल्या महिन्यात ते चर्चमध्ये गायनाच्या सरावाला गेले असताना घराला आग लागली. चुलीच्या धुराड्यातून. परत आले तोवर भिंतीसुद्धा उरल्या नव्हत्या. बायकोचे फोटो, पुस्तकं, अंथरूण, सगळं गेलं. पुतण्याकडे राहतात.

मंगळवारी ते दुकानात आले. अंगात पुतण्याचा कोट, बाह्या मनगटाच्या वर. त्यांना बघताच आम्ही सगळ्या धावलो. काय काय बोललो असू देव जाणे. साराने तर तीन पिशव्या आधीच भरून ठेवल्या होत्या. ती म्हणाली, मास्तर, हे सगळं तुमच्यासाठी बाजूला काढलंय, काही द्यायचं नाही हं. मी म्हटलं, बसा, कॉफी आणते. कुणीतरी डोळे पुसले. मास्तर मागे मागे सरकत दारापर्यंत गेले. म्हणाले, आभार, फार आभार, मी सहज डोकावलो होतो. त्यांचा हात कडीवर गेला.

तेवढ्यात खिडकीशेजारच्या टेबलावरून अगनेटाचा आवाज आला. मान वर न करता, दोरा दातांनी तोडत तिने विचारलं, मास्तर, तुम्हाला इंग्रजी वाचता येतं का?

ग्रेटा, टेव्ज मास्तरांना! डीड्रिख फाल्कना हसू आवरेना, त्यांनी मासिक तोंडापुढे धरलं. मास्तर म्हणाले, येतं, थोडंफार. ती म्हणाली, मला येत नाही. या कॉलरींच्या आत काय लिहिलंय ते मला कळत नाही. लोकर आहे की नाही, गरम पाणी चालतं की नाही. काल एक चांगला स्वेटर माझ्या हातून बाहुलीएवढा झाला. तुम्हाला घाई नसेल तर वाचून द्या, या बायकांना सवड नसते.

मास्तर कडीवरचा हात काढून तिच्या टेबलाशी जाऊन बसले. तिने त्यांच्यापुढे पुरुषांच्या कपड्यांचा हा एवढा ढीग ओढला. ते वाचत गेले. चष्मा जळाला होता, म्हणून कॉलर हातभर लांब धरून वाचत होते. ती एकेका ढिगात कपडे टाकायची, मुद्दाम की चुकून कोण जाणे, चुकीच्या ढिगात, आणि ते तिला दुरुस्त करायचे, शाळेतल्या आवाजात. मग ती म्हणाली, जरा उभे राहा, हे जाकीट कुणाच्या मापाचं ते कळत नाही, खांद्याला लावून बघते. ते उभे राहिले. तिने टाचण्या लावल्या. विजार, दोन सदरे, लोकरी बनियन, सगळ्यांना कुणाचं तरी माप लागत होतं.

मी कॉफी घेऊन निघाले होते, तर तिने भुवई अशी वर केली की मी तिथेच थांबले. तासाभराने मास्तर उठले तशी ती म्हणाली, इथला नियम आहे, काम करणाऱ्याने आधी निवडायचं. असा नियम आमच्याकडे कधीच नव्हता. साराने तोंड उघडलं, मी तिच्या पायावर पाय दिला. मास्तरांनी थोडा विचार केला आणि ते तपकिरी जाकीट उचललं. म्हणाले, हे बरं दिसतंय. ती म्हणाली, बाहीला दोन टाके हवेत, गुरुवारी नऊला या, ढीगही अर्धा राहिलाय.

साराच्या तीन पिशव्या आम्ही उघडल्या आणि त्यातले कपडे गुपचूप त्या ढिगाच्या तळाशी घातले.

काल गुरुवार. नऊ वाजले, सव्वानऊ झाले. बर्फ पडत होता. मला वाटलं, नाही येत. मग दार उघडलं आणि मास्तर आत आले, टोपीवर बर्फ, खिशात एक वही, कारण त्यांनी ठरवलंय की अगनेटाला इंग्रजी वाचायला शिकवायचं. आम्ही सगळ्या पुन्हा पुढे झालो, किती थंडी, कसे आलात, जपून यायचं ना. अगनेटाने सुई थांबवली, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं आणि म्हणाली, मास्तर, उशीर झाला.

घर जळाल्यापासून त्या माणसाशी सगळे हळू आवाजात बोलत होते. त्यांना कुणी रागावलं नव्हतं. मास्तरांनी टोपी काढली, कान लाल झाले, आणि एखाद्या मुलासारखे म्हणाले, चुकलं, पुन्हा नाही होणार. आणि ग्रेटा, ते हसत होते. मी पाठ फिरवली आणि घडी घातलेलेच कपडे पुन्हा घडी घालत बसले.

तुला आणि अब्रामना खूप खूप प्रेम. बोटांना जप.

तुझी ऋणी,
युस्टीनाताई